काका, चांगला आला ना?

दार उघडलं आणि चाळीस पोरं एकदम शिंकली.

तो तेव्हा खाली वाकून कॅमेऱ्याच्या स्टँडचा ढिला पाय आवळत होता. एक पोर शिंकलं तर सर्दी असते, चाळीस शिंकली तर कट असतो, एवढं त्याला कळत होतं. सव्वीस वर्षं शाळाशाळांतून फोटो काढत फिरलेल्या माणसाला पोरांच्या कटाचा वास लांबूनच येतो आणि आला की मग राहवत नाही. फोटोकाका म्हणायचे त्याला सगळ्या शाळेत. तर फोटोकाकाने मागे न बघताच छाती भरून हवा आत ओढली, दोन्ही हात फाकवले आणि त्या चिल्लर शिंकांच्या वर आपली एक घसघशीत शिंक ठेवून दिली. आ… आक्… छी! हॉल दणाणला. पोरांनी टाळ्या पिटल्या. कोणीतरी शिट्टी मारली. मागून "काका एक नंबर!" असा आवाज आला. सर्कशीतल्यासारखा कमरेत वाकून मुजरा करत तो वळला आणि दारातली मुलगी त्याला दिसली.

दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे धरून ती उभी होती. लांब वेणी, पुढे घेतलेली. पोरांकडे ती बघतही नव्हती, पोरांची तिला सवय झाली असावी. ती त्याच्याकडे बघत होती. रागाने म्हणावं तर तसं नाही. मोजणीत अजून एक वाढला, एवढंच काहीतरी त्या बघण्यात होतं. मग ती भिंतीच्या कडेकडेने रांगेच्या शेवटाला गेली, रांग तिच्या पुढ्यात हातभर सरकली आणि तेवढ्या मोकळ्या फरशीच्या अलीकडून कोणीतरी बारीक, गोडूस आवाज काढला, "काका, चांगला आला ना?" पुन्हा हशा.

आणि इथे, त्याला पुढे स्वतःशी कितीही वेळा नाकारावंसं वाटलं तरी, पहिल्या क्षणाला त्याला बरं वाटलं होतं. हा जोक त्याचा होता. आठ दिवसांपूर्वी बसस्टॉपवर दुसऱ्याच कुठल्या शाळेची दोन पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून हसत होती, त्याने वाकून बघितलं तर त्यानेच बनवलेलं स्टिकर, शिंकणारा चेहरा आणि खाली हेच वाक्य. छाती फुगली होती त्याची. बायकोला घरी जाऊन सांगितलंही होतं, "तुझा नवरा आता बसस्टॉपपर्यंत पोचलाय." ती म्हणाली, "मग घरी कशाला आलास?" आता त्या बऱ्या वाटण्याच्या पाठोपाठ, जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं झालं. चेहरा. त्या स्टिकरमधला चेहरा आत्ता दारातून आत आला होता आणि रांगेच्या शेवटी हातभर अंतर राखून उभा होता.

त्याला नावं लक्षात राहत नसत, चेहरे राहत. वर्षाला सहा हजार चेहरे. त्यांना तो खुणेने ओळखायचा, गालगुच्चा, दातपुढे, टोपीकान. ही वेणीवाली. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये, याच राखाडी निळ्या कापडापुढे, याच स्टुलावर बसली होती. त्याची एक पद्धत होती. वर्ग बदलला की तो मागचं कापड धरून जोरात झटकायचा, धूळ उडायची, तो स्वतः खोकल्याचं नाटक करत गडबडा लोळायचा, पोरं खिदळायची आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते खिदळणं उरलेलं असताना तो भराभर फोटो काढायचा. हसू येण्याच्या अर्धा सेकंद आधी बटण दाबायचं, हे त्याचं गुपित. हसलेला चेहरा सगळे काढतात, हसू येऊ घातलेला चेहरा त्याच्याकडेच मिळायचा. गेल्या वर्षी वेणीवाली कापड झटकल्यावर लगेच बसली. हसू येऊ घातलंय असं वाटून त्याने बटण दाबलं आणि आली ती शिंक. अर्धे मिटलेले डोळे, नाकाचा चुरगळलेला बोळा, उघडं तोंड, वरचा ओठ दाताला अडकलेला. दुसरा फोटो सुरेख आला. उठताना तिने त्याला विचारलं, "काका, चांगला आला ना?" हे प्रत्येकच पोर विचारतं. "फर्स्ट क्लास!" तो म्हणाला होता. छापून दिला तो दुसरा फोटो. पहिला त्याने ठेवून दिला.

भंगार, असं त्या फोल्डरचं नाव होतं. सव्वीस वर्षांचं भंगार. जांभया, शिंका, पापण्या, नाकात गेलेली बोटं, रडण्याच्या काठावरचे पाचवीतले पोरगे. दुसरे फोटोवाले असलं पुसून टाकतात. त्याला ते पुसवत नसे. नीट आलेले फोटो सगळे सारखेच दिसतात, म्हणायचा तो, माणूस बघायचा तर भंगारात बघा. हे म्हणताना तो खरं बोलत होता की निव्वळ करमणुकीला तत्त्वज्ञानाचा कोट चढवत होता, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. आत्ता करायला लागत होता. हॉलच्या खिडक्या त्याने स्वतःच काळ्या कागदांनी बंद करून घेतल्या होत्या, दिव्याचा उजेड नीट पडावा म्हणून. दार एकच. कापड आणि दिवा यांच्यामधल्या चार पावलांत तो उभा होता, समोर चाळीस पोरं आणि सगळी त्याच्याकडूनच पुढच्या विनोदाची वाट बघत होती.

"काका, तुम्ही पण ना," वर्गाच्या बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या. हातात हजेरीची यादी, चेहऱ्यावर चार रात्रींचं जागरण. "तुम्हाला माहीत नसेल म्हणा. महिन्याने आलीये ती आज. घरातच बसून होती. जेवत नव्हती, आरशांवर चादरी टाकल्या होत्या म्हणे तिने."

"काय झालं?" त्याने विचारलं. आवाज त्याचाच होता, पण कोरडा.

"अहो, ते स्टिकर नाही का. कुठे कुठे गेलं. कोणीतरी तिच्या नावाने खातं उघडलं, त्यावर तो चेहरा, रोज नवीन काहीतरी. कुठल्या बाईच्या अंगावर डोकं लावलं, काय नि काय. दिवसाला दोनदोनशे मेसेज. 'एकदा शिंकून दाखव' आणि त्याच्या पुढचं मी बोलू पण शकत नाही." बाईंनी यादी उलटी केली, सुलटी केली. "आणि केलं कोणी? जिवलग मैत्रिणीने! ती बघा, चष्मेवाली."

चष्मेवाली रांगेच्या दुसऱ्या टोकाला होती. तिच्या पुढेमागेही हातभर जागा मोकळी. एका रांगेत अशी दोन भोकं.

"तिनेच कशावरून?"

"तो प्रश्न आहे ना खाली लिहिलेला, 'काका, चांगला आला ना', तो हिने गेल्या वर्षी तुम्हाला विचारला तेव्हा मागे एकटी तीच उभी होती. ही स्वतःच सांगते. आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या मागे तो छोटा पडदा असतो ना, त्यात डोकावून त्या चष्मेवालीने मोबाईलने फोटो घेतला असणार. दुसरं कोण घेईल? ती नाही म्हणते. रडते, नाही म्हणते. आता पोरं तिलाही सोडत नाहीयेत. तिच्या फोनवर काय येतं ते तिच्या आईने दाखवलं मला, नको वाटतं. म्हणून मोठ्या बाईंनी ठरवलं, आज मिटवून टाकायचं. तीन वाजता ते इंटरनेटवाल्या ताईंचं भाषण आहे ना, त्याच्या शेवटी ती सगळ्यांसमोर माफीनामा वाचणार. हस्तांदोलन करणार. तुम्ही फोटो काढायचाय त्याचा, मोठ्या बाईंनी सांगितलं असेल."

सांगितलं होतं. सकाळीच. 'एक छानसा सलोख्याचा फोटो,' असं म्हणाल्या होत्या, तो 'दोन काढतो' म्हणाला होता.

मग बाई हजेरीच्या क्रमाने नावं घ्यायला लागल्या, फोटो सुरू झाले आणि हात आपोआप चालले. बस, हनुवटी खाली, इकडे बघ. पोरं स्टुलावर बसली की अपेक्षेने त्याच्या तोंडाकडे बघत, आणि त्याच्या तोंडातून काही निघत नसे. "काका, आज बॅटरी डाउन का?" एकाने विचारलं. पाच महिन्यांपूर्वी, ते स्टिकर बनवलं त्या रविवारी काय झालं होतं, ते त्याला आता तुकड्यातुकड्याने नाही, एका तुकड्यात दिसत होतं. मेहुण्याने त्याला स्टिकर बनवायला शिकवलं होतं. बोटाने चेहऱ्याच्या कडेकडेने रेघ ओढायची, की मागचं सगळं गळून पडतं आणि चेहरा सुटा होतो. कापड गळालं, स्टूल गळालं, शाळा गळाली, वेणी पण अर्धी गळाली. त्याच दुपारी त्याच्या ताईने केस रंगवून घेतले आणि 'आपली माणसं' या घरच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारलं, कशी दिसतेय? असल्या वेळी गप्प बसेल तर तो फोटोकाका कसला? त्याने भंगार उघडलं. जांभई लावून बघितली, नको वाटली. मग शिंक सापडली. खाली कुठलं वाक्य लिहावं याचा विचारसुद्धा करावा लागला नाही, ते त्या चेहऱ्याबरोबरच आठवणीतून वर आलं. तेवीस जणांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे पाठवले. वहिनीने लिहिलं, अरे मेले मी. त्याने लिहिलं, 'अजून खूप माल आहे माझ्याकडे.' खिडकीशी बसून तो एकटाच किती वेळ हसत होता. हसताना त्या मुलीचा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता, आणि हे कबूल करणं त्याला बाकी सगळ्यापेक्षा जड जात होतं. वाईट विचारसुद्धा आला नव्हता.

वेणीवाली बसली. पाठ ताठ, हात मांडीखाली.

"किती काढणार?" तिने विचारलं.

"एकच."

"एकच काढा. आणि मला दाखवा."

कॅमेऱ्यातून त्याने बघितलं. सव्वीस वर्षांत इतका बंद चेहरा त्याने बघितला नव्हता. एकही स्नायू हलत नव्हता. महिनाभर घरात बसून तिने हे शिकून घेतलं असणार, चेहऱ्याला कुठूनही कसं धरता येणार नाही ते. डोळ्यांत त्याच्या दिव्याचे दोन पांढरे चौकोन, बाकी काही नाही. त्याने बटण दाबलं आणि कॅमेरा फिरवून पडदा तिच्यापुढे धरला. तिने बघितलं. ओळखपत्रावर चालेल असा, कोणाचाही असावा असा फोटो. तिने मान हलवली आणि उठली. तो प्रश्न तिने विचारला नाही. तेवढ्यात बोलायला हवं होतं. तो दिव्याचा कोन सारखा करत राहिला, आणि पुढच्या नावाचं पोर येऊन बसलंही.

चष्मेवाली शेवटून तिसरी. चष्म्याच्या काचेवर दिव्याची तिरीप येत होती, म्हणून त्याने नेहमीप्रमाणे पुढे होऊन काड्या जराशा उचलल्या. आत डोळे सुजलेले.

"काका, तीन वाजता मी वर उभी राहीन ना, तेव्हा तुम्ही फोटो काढणार आहात?"

"बाई म्हणाल्यात तसं."

"नका ना काढू." मग थोडं थांबून, "किंवा माझा चष्मा काढायला सांगा. चष्मा नसला की मला कोणी दिसत नाही."

मधल्या सुट्टीत तो जिन्याखालच्या बारक्या खोलीत गेला, जिथे मोडकी बाकं ठेवतात, आणि ताईला फोन लावला.

"अगं ताई, ते स्टिकर…"

"कुठलं, शिंकेवालं? अरे कमाल आहेस तू! आमच्या ऑफिसात सगळे तेच पाठवतात. साहेबांनी पण मला पाठवलं, मी म्हटलं साहेब, हे आमच्या भावाने बनवलंय. साहेब म्हणाले, भावाला सांगा, हुशार आहे."

"ते बाहेर कोणी पाठवलं?"

"बाहेर म्हणजे? सगळ्यांनीच पाठवलं. आमच्या कार्ट्याने त्याच्या क्रिकेटच्या ग्रुपवर टाकलं, तो म्हणतो पाच शाळांत फिरतंय. का रे? कोण आहे ती पोरगी? ओळखीतली आहे का?"

त्याने एका मोडक्या बाकावर कोरलेलं कोणाचं तरी नाव नखाने खरवडलं. "नाही," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने तो ग्रुप उघडला आणि वर वर सरकत पाच महिने मागे गेला. होतं तिथेच. ताईचे रंगवलेले केस, त्याखाली वेणीवालीचा चेहरा, त्याखाली त्याचं नाव, तारीख, वेळ. पुसायला बोट दाबलं तर फोनने विचारलं, फक्त तुमच्यासाठी पुसू? सगळ्यांसाठी पुसायची मुदत केव्हाच गेली होती. म्हणजे जगात सगळीकडे ते राहणार होतं, फक्त त्याच्याच फोनमधून जाणार होतं. आणि ते गेलं की त्याने ते केलं, हे सांगणारी त्याच्या हातातली एकमेव गोष्टही जाणार होती. सोपं होतं. बोट तिथेच होतं. फोनलाही जसं काही ठाऊक होतं, याला काय हवंय. जिन्यावरून पोरांचे पाय धडधडत वर चालले होते, डोक्यावरची लाकडं थरथरत होती आणि त्याला वाटलं, ही एवढी वजनं आपल्याला ठाऊक नसताना रोज अशी वरून जातात. त्याने पुसलं नाही. हे शौर्य नव्हतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि तो दचकला, इतकंच.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आपल्या खोलीत भाषणाच्या पाहुण्यांसाठी कपबश्या मोजत होत्या. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. त्या आधी हसल्या, मोठ्याने, डोकं मागे टाकून. "काका, अहो आज तरी सोडा!" मग त्याने फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, उठल्या आणि दार लावलं.

"हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"आत्ता तर सांगितलं."

"काका, ऐका माझं. पोरीने केलं तर चूक झाली म्हणतात. तुम्ही केलंत तर पोलीस म्हणतात. तुमच्याकडे हे फोटो आले कसे? शाळेने दिले. पालकांनी सही कोणाच्या भरवशावर केली? शाळेच्या. दोन महिने दोन्हीकडचे आईबाप माझ्या दारात बसलेत, आत्ता कुठे तयार झालेत. बारा ओळींचा कागद आहे, दोन मिनिटांत वाचून होईल."

"पण तिने केलेलंच नाही."

"वर्षभराने कोणाच्या लक्षात राहणार आहे? पोरं विसरतात हो."

"विसरतात?"

त्यांनी एक बशी उचलून पुसली, जी पुसलेलीच होती. बाई वाईट नव्हत्या. त्याच्या बायकोच्या आजारपणात त्यांनी त्याचं काम दुसऱ्याला जाऊ दिलं नव्हतं. "तुम्ही हसवायचं काम करा," त्या शेवटी म्हणाल्या, "तेवढं तुम्हाला छान जमतं."

तीन वाजता हॉल गच्च भरला. काळे कागद तसेच, कारण भिंतीवर चित्रं दाखवायची होती. प्रोजेक्टर त्याचाच होता, जोडून द्यायला तोच होता. भाषणाच्या ताई तरुण होत्या, मनापासून बोलत होत्या. भिंतीवर डोक्यावरून टोपडं ओढलेला एक काळा माणूस आला, तोंडाच्या जागी नुसता अंधार. अनोळखी माणसांपासून सावध राहा, ताई म्हणाल्या. पोरांनी मान डोलावली. तो प्रोजेक्टरशेजारी उभा होता, मशीनची गरम हवा त्याच्या पोटावर येत होती, आणि भिंतीवरच्या माणसाला तोंड नाही हे त्याला फार सोयीचं वाटलं. आपल्याला तर तोंड आहे. या हॉलमधलं प्रत्येक पोर ते ओळखतं, ते दिसलं की आधीच हसायला लागतं. त्रास झाला तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा, ताईंनी सांगितलं, आणि पहिल्या रांगेतल्या एका चिमुरड्याने त्याच्याकडे बघून अंगठा उंचावला.

मग चष्मेवाली स्टेजवर गेली. मोठ्या बाईंनी माइक तिच्या उंचीला खाली केला. वेणीवालीला पहिल्या रांगेत बसायला सांगितलं होतं, पण ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली होती. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. चष्मेवालीने स्वतःच चष्मा काढून खिशात ठेवला आणि कागद नाकाशी धरला.

"मी, इयत्ता नववी ब ची विद्यार्थिनी…"

"थांबा," तो म्हणाला.

कॅमेरा खाली आला होता. आपण तो खाली केला की तो आपोआप आला, हे त्याला सांगता आलं नसतं. "तिने नाही केलं ते. मी केलं. ते स्टिकर मी बनवलंय."

आणि हॉल हसला. आधी पुढची रांग, मग लाटेसारखा मागेपर्यंत. "काका, तुम्हीच का ते!" "काकांना पकडा रे!" "काका, माफीनामा!" भाषणाच्या ताईही हसल्या, त्यांना वाटलं शाळेने ताण हलका करायची सोय केलीये. "अरे, खरंच सांगतोय," तो म्हणाला, तर अजून मोठा हशा, कारण 'खरंच सांगतोय' हे तो सव्वीस वर्षं प्रत्येक थापेच्या आधी म्हणत आला होता. त्याने चेहरा गंभीर केला. तो गंभीर चेहरा तर त्याचा सगळ्यात गाजलेला आयटम होता. पोरं बाकांवर लोळली. तो जे जे करेल ते ते त्याचंच काहीतरी जुनं निघत होतं.

"आपले काका," मोठ्या बाई माइकमध्ये हसत म्हणाल्या, "मुलीला धीर यावा म्हणून स्वतःच्या अंगावर घेतायत बघा. किती मोठं मन. टाळ्या!"

टाळ्या पडल्या. त्याच्यासाठी.

प्रोजेक्टरची वायर त्याच्या हाताशीच लोंबत होती. दरवर्षी शेवटी तो आपला फोन तिला जोडून पोरांना वर्षाचे फोटो दाखवायचा. जोडायचा अवकाश, ग्रुप भिंतीवर येईल, तारीख येईल, नाव येईल, अजून खूप माल आहे माझ्याकडे, तेही येईल, आणि मग कोण हसतं ते बघू. त्याने वायरचं टोक फोनला भिडवलंसुद्धा. तेव्हा त्याची नजर शेवटच्या रांगेकडे गेली. पुरावा म्हणजे तो चेहरा. भिंतीवर, बारा फूट उंच, सहाशे पोरांपुढे, पुन्हा एकदा त्याच्याच हाताने. चष्मेवालीला सोडवायचं तर वेणीवालीला परत टांगायचं. वायर त्याने खाली सोडली. हसू अजून ओसरलं नव्हतं. तो बाकांच्या मधल्या वाटेने मागे चालत गेला, पोरं जाताजाता त्याच्या पाठीवर थापा मारत होती.

तिच्यापाशी तो गुडघ्यांवर बसला आणि फोन तिच्या हातात दिला. "बघ," एवढंच म्हणाला.

तिने बघितलं. वरचे रंगवलेले केस बघितले, आपला चेहरा बघितला, तारीख बघितली. अंगठ्याने खाली सरकवत तिने ते तेवीस हसणारे चेहरे एकेक करून बघितले, अरे मेले मी वाचलं, त्याखालचं त्याचं वाचलं. पुन्हा वर गेली.

"तुम्ही?"

"हो."

"मोठं माणूस असेल असं मला एकदाही वाटलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज आश्चर्याचा होता, गणित फार सोपं निघावं तसा. "म्हणून तीच, असं वाटलं. मी तिला काय काय बोलले." मग, "कशासाठी केलंत?"

"ताईला हसवायला."

"हसल्या?"

"हो."

"तुम्ही?"

इथे खोटं बोलता आलं असतं. "हसलो," तो म्हणाला. "खूप वेळ."

तिने मान हलवली आणि फोन त्याला परत न देता उठली. ती मधल्या वाटेने चालायला लागली तशी दोनचार जणांनी सवयीने शिंका काढल्या. ती थांबली नाही. वर जाऊन तिने चष्मेवालीच्या हातातला कागद काढून घेतला. चष्मेवालीला जवळ येईपर्यंत कोण आलंय ते दिसलं नसावं, ती दचकून मागे सरली. मोठ्या बाई काहीतरी म्हणायला पुढे झाल्या, वेणीवालीने फोन त्यांच्या हातात ठेवला, जसा काही तो शाळेचाच होता, आणि हॉलकडे तोंड केलं.

"काका, वर या."

तो गेला. टाळ्या, शिट्ट्या. तिने कागद पुढे केला.

"वाचा."

त्याने कागदावरून नजर फिरवली. "यात हे सगळं तिच्या…"

"आहे तसं वाचा."

माइक चष्मेवालीच्या उंचीला होता. तो वर करायची त्याला हिंमत झाली नाही. पोट सावरत, गुडघे वाकवून, कापड झटकताना वाकायचा तसाच वाकून त्याने तोंड माइकपाशी नेलं. "मी, इयत्ता नववी ब ची विद्यार्थिनी," तो म्हणाला, आणि हॉल फुटला. एवढं मोठं हसू त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. मागच्या रांगा उभ्या राहिल्या, कोणीतरी बाक बडवायला लागलं. हसू ओसरेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचं वाक्य टाकायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. पण तसं थांबलं तर हाही आयटमच होईल. म्हणून तो थांबला नाही. हशाच्या मधूनच, कोणाला ऐकू जातंय की नाही हे न बघता, दुसरी ओळ वाचली, तिसरी वाचली. मोठ्या बाई फोनकडे बघत खुर्चीवर बसल्या होत्या, माइकचं बटण त्यांच्या हाताशी होतं, पण त्यांचा हात गेला नाही. गुडघे दुखायला लागले. चौथी ओळ. डाव्या अंगाला त्याला दोघींचे बूट दिसत होते, मध्ये हातभर फरशी, आणि एकीचे बूट अजून दुसरीच्या दिशेने वळले नव्हते. पाचव्या ओळीला पहिल्या रांगेतला तो अंगठेवाला चिमुरडा शेजारच्याला म्हणाला, "ए, गप ना. काका रडतायत बहुतेक." ते माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. काही जण हसले, काही जण हसायचे थांबले, आणि बराचसा हॉल या दोहोंच्या मध्ये, काय करावं ते न कळून, त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

सहावी ओळ दुसऱ्या शाईत होती. त्या पोरीकडून ती मागाहून कोणी लिहून घेतली होती, कोण जाणे.

"हे करताना मला मजा आली," त्याने वाचलं. मग श्वास घेतला, आणि कोणी न सांगता तीच ओळ पुन्हा एकदा वाचली.